नेपाळला मिशन दवाखान्यात जातोय, बिऱ्हाड कसं लावायचं?

श्रीरामपूरची_रूथ

सर्वांना सलाम. मी नर्स, मिरजेला शिकलेली. मिस्टर लॅब टेक्निशियन. आमच्या चर्चच्या मंडळीने आम्हा दोघांना नेपाळमध्ये पाल्पा जिल्ह्यात, तानसेनच्या मिशन दवाखान्यात पाठवायचं ठरवलंय. पावसाळा सरला की निघायचं. मुलगा दुसरीत आहे. सासूबाईंचं एकच पालुपद, "तिकडे धर्माचं बोललं की तुरुंगात टाकतात म्हणे." पाळकसाहेब म्हणतात, प्रार्थना करा, सगळं नीट होईल. प्रार्थना चालूच आहे, पण सामान काय न्यायचं, शाळेचं काय, पैशाचं काय, हेही कळायला हवं ना. कुणी राहून आलंय का?

बुटवलचा_पाटील

मी धंद्यानिमित्त भैरहवा-बुटवलला असतो. मुंबईहून गोरखपूरची गाडी, पुढे बसने सुनौली, नाकं ओलांडलं की भैरहवा, मग बुटवल आणि तिथून घाट चढून तानसेन. घाटात पावसाळ्यात दरडी पडतात, तेव्हा पाऊस सरल्यावर निघताय ते बरं. फक्त दसऱ्याच्या तोंडावर नको. अख्खा नेपाळ गावी निघालेला असतो, बसच्या टपावरसुद्धा जागा मिळत नाही.

आपल्याला व्हिसा नाही. पण आधारवर विसंबू नका, पासपोर्ट किंवा मतदान कार्ड जवळ ठेवा. आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ, दर ठरलेला. दुकानात भाव विचारला की 'आयसी का एनसी' तेही विचारून घ्या, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. नाहीतर भाजीवालीशी रोज भांडण.

सिस्टर_मावशी

रूथ पोरी, सासूबाईंना खोटं पाडायला जाऊ नकोस. नेपाळच्या २०१५च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. ऑगस्ट २०१८पासून जो फौजदारी कायदा लागू झाला, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असला तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर. व्हिसा लागत नाही म्हणजे आपण परदेशी नाही, असं आपल्याकडच्यांना उगाच वाटतं.

मी तानसेनला बरीच वर्षं काढली. तिथे दवाखान्यातलं काम हेच काम. उशाशी पत्रकं ठेवायची नाहीत. ड्रेसिंग करताना "प्रभूने बरं केलं हो" असं पेशंटच्या गळी उतरवायचं नाही; तो बिचारा पलंगावर आडवा, उठून जाणार कुठे? कुणी आपणहून विचारलंच, तर तिथल्या मंडळीला तिचे पाळक आहेत, वडीलजन आहेत. आपण पाहुणे.

आता कामाचं. नेपाळ नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे कागद आत्ताच हलव, आपल्या कौन्सिलची पत्रं यायला किती वेळ लागतो ते तुला माहीतच आहे. आणि त्यांचं पंचांग शीक. तिथे सगळं विक्रम संवताने चालतं, आपल्या सनाच्या छप्पन-सत्तावन्न वर्षं पुढे. महिना कधी एकोणतीस दिवसांचा, कधी बत्तीस. बाई सांगते, शेवटची पाळी साउनच्या दहा गतेला, म्हणजे त्यांच्या श्रावणाच्या दहा तारखेला आली, आणि तिच्यावरून तुला बाळंतपणाची तारीख काढायची असते. मी ओपीडीच्या टेबलावर काचेखाली दोन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी लावली होती.

हिंदी सगळ्यांना कळते, म्हणून आपली माणसं नेपाळी शिकतच नाहीत. याचा मला फार राग येतो. २०१५च्या नाकेबंदीत गॅस अडला, औषधं अडली. ती भारतानेच केली असं तिथे सगळे मानतात, आणि हिंदीत हुकूम सोडणारी सिस्टर पाहिली की ते मनात असलेलं तोंडावर येतं. देवनागरी असल्याने पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात, पण पाट्या वाचता आल्या म्हणजे भाषा आली असं नाही. गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनरी १८१३ला मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं, तरी माणूस मराठी शिकत बसला. १८२६ साली नाशिककडून परतताना पटकीने गेला. आपण त्यांचं नाव घेतो ना, मग तेवढं तरी घ्यावं त्यांच्याकडून.

एक पेशंट सांगते. थंडीत सकाळी खालची दरी धुक्याने भरते, वर तानसेनला ऊन असतं. त्या धुक्यातून एक माणूस वर आला. पाठीवर डोको, म्हणजे बांबूची निमुळती पाटी, तिचा पट्टा कपाळावर. पाटीत त्याची आई, मागे तोंड करून बसलेली. चाऱ्यासाठी झाडावर चढली होती, पडली, घोटा मोडला. रस्ता लागेपर्यंत डोंगरातून असंच आणलं होतं तिला. स्ट्रेचर येईपर्यंत तो वाकून उभाच राहिला, पाटी खाली टेकवेना, आईला धक्का बसेल म्हणून. मग घाम पुसला आणि पहिला प्रश्न, "दिदी, भात कुठे शिजवायचा?" पेशंटचं जेवण नातेवाईक रांधतात तिथे. अशा माणसाला तू हिंदीत काय सांगणार?

सडेतोड

कायद्याने मनाई आहे हे माहीत असूनही मिशनरी म्हणून जायचंच कशाला? सेवा करायची तर आपल्या जिल्ह्यात सरकारी दवाखाने ओस पडलेत.

सिस्टर_मावशी

@सडेतोड, दवाखाने ओस आहेत हे खरं, मी निवृत्त झाल्यावर तिथेच जात होते. पण तानसेनला कुणी घुसखोरी केलेली नाही. रॉबर्ट फ्लेमिंग नावाचे अमेरिकन शिक्षक १९४९ साली पक्ष्यांचा अभ्यास करायला तिकडे गेले. सोबत डॉक्टर होता, त्याच्याभोवती पेशंटांची रीघ लागली. पुढे फ्लेमिंगच्या डॉक्टर पत्नी बेथेल यांनीही तिथे पेशंट तपासले. लोकांनीच दवाखाना मागितला, सरकारने परवानगी दिली आणि १९५४ला युनायटेड मिशन टू नेपाळ ही मिशनसंस्था उभी राहिली. धर्मप्रचार करायचा नाही ही अट तेव्हापासूनची. ती पाळली म्हणून टिकलं. त्याआधी काठमांडूच्या खोऱ्यात कपुचिन संघाचे कॅथलिक पाद्री होते, त्यांना १७६९मध्ये गोरखा राजा पृथ्वीनारायण शहांनी हाकललं. त्यांची नेपाळी माणसं बिहारात बेतियाकडे येऊन राहिली.

कुणी अट मोडून मिरवत असेल तर त्याच्याशी माझंही भांडण आहे. त्याचा त्रास त्याला होत नाही, तिथल्या गरीब ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना होतो. २०२१च्या जनगणनेत ते पावणेदोन टक्के आहेत.

श्रीरामपूरची_रूथ

मावशी, धन्यवाद. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ही बाई खरं बोलते," म्हणजे निम्मं काम झालं. रविवारची उपासना मराठीत मिळणार नाही हे धरलंय. दसऱ्याला शेजारी टिका लावायला बोलावतील, तेव्हा काय करायचं? आणि ज्वारी मिळते का?

सिस्टर_मावशी

रविवारची तर मुळीच नाही, रविवार कामाचा दिवस. साप्ताहिक सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. मुलाला आधीच सांगून ठेव. शाळेचं वर्ष बैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. तुम्ही मधेच पोचणार, तेव्हा शाळेला आत्ताच पत्र टाका.

टिक्याचं असं: तिथले बहुतेक ख्रिस्ती लावून घेत नाहीत, आणि त्यापायी घराघरांत रुसवेफुगवे होतात. त्यांच्या भांडणात आपण न्यायाधीश व्हायचं नाही. शेजारच्या आजीकडे फळं घेऊन जा, नमस्कार कर, तिच्या हातचं सेलरोटी, म्हणजे तांदळाच्या पिठाचं तळलेलं गोड कडं, खा. कपाळाचं तिथल्या पाळकांना विचार, मला नको.

ज्वारी नाही. मक्याचं पीठ मिळतं, त्याची भाकरी थापता येते. तेल मोहरीचं, पहिला महिना पोरगं नाक मुरडेल. गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, लोखंडी तवा न्या. गरम कपडे तिथेच घ्या, इथले स्वेटर कामाचे नाहीत, घरात शेगडी नसते. गाव डोंगराच्या सोंडेवर असल्याने पाण्याची टंचाई कायमची, पण तू नगर जिल्ह्यातून जातेस, तुला बादलीचा हिशेब मी काय शिकवू. झाकणाची दोन पिंपं मात्र पहिल्याच दिवशी घे. नंतर टंचाईच्या दिवसांत बाजारात सापडत नाहीत.