सारंगखेड्याला पहिल्यांदाच बछेरी उतरवतोय, सल्ला हवा

निपाणीकर: नमस्कार मंडळी. आमची मारवाडी बछेरी (तरुण घोडी) यंदा दत्त जयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याच्या (नंदुरबार जिल्हा) घोड्यांच्या शोला न्यायची आहे. घरातलं कुणी आजवर शोत उतरलेलं नाही. बछेरीचं खरारा (अंग घासणं), चंदी (दाणा), फिरवणं सगळं थोरली मुलगी करते, यंदा बारावीला आहे. बजेट जाऊन-येऊन २५ हजार, त्यावर एक रुपया नाही. गाडी कसली करावी? मोहरकी (तोंडावर बांधायचे पट्टे) कसली घ्यावी? रिंगणात दाखवायला माणूस करावा का? बछेरी अदंत आहे, म्हणजे पक्का दात अजून आलेला नाही, दिवाळीत अडीच वर्षांची होईल.

चिकोडी_अण्णा: मोहरकी चामड्याचीच घ्या, पितळी कड्यांची. मी जोधपूरहून मागवली, १८ हजार पडले. बजेट धरून बसू नका, शोला जायचं तर रुबाबात जायचं. आमचा नुकरा (पांढरा घोडा) रिंगणात शिरला की लोक मोबाईल काढतात.

खानापूरवाली: दादा, मोहरकीचं नंतर बघा. आधी ग्लँडर्सची रक्ततपासणी करा. हा रोग माणसालाही होतो, आणि घोडं पॉझिटिव्ह निघालं तर कायद्यानं मारावंच लागतं. निकाल यायला वेळ लागतो, आत्ताच सरकारी डॉक्टरांना गाठा. धनुर्वाताची लस झाली आहे ना?

अथणी_पागा: दाताचं कुणी बोललंच नाही. बछेऱ्यांचे गट दातांवरून पडतात. अडीच वर्षांच्या आसपास पुढचे दोन दुधाचे दात पडून पक्के येतात. म्हणजे दत्त जयंतीपर्यंत तुमची बछेरी दोन दाती झालेली असू शकते. अदंतमध्ये नाव घातलं आणि पंचांनी तोंड उघडलं तर तिथल्या तिथं बाद. निघायच्या आदल्या दिवशी दात बघा, मगच गट सांगा.

भीमथडी_प्रेमी: सगळे मारवाडीच्याच मागं का? भीमथडी आता स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. मराठ्यांच्या फौजा याच घोड्यांवर फिरल्या. आपल्या मातीतलं जनावर, पायानं घट्ट, खायला कमी.

चिकोडी_अण्णा: भीमथडीचं बरोबर, पण शोला कान लागतात की. मारवाडीचे कान टोकाला टोक भिडतात, ते बघूनच माणूस थांबतंय.

भीमथडी_प्रेमी: कानावर बसून कोण जातंय अण्णा?

बेळगाव_कॅम्प: ग्लँडर्सची तपासणी कराच. आणि आरोग्य दाखला इंग्रजीत घ्या. आमचा नुसता कन्नडमध्ये होता, हद्द ओलांडल्यावर एका नाक्यावर तो वाचणारं कुणी नव्हतं. तीन तास घोडी उन्हात उभी. अजून आठवलं की संताप येतो.

हुक्केरी_नालबंद: गाडीचं सांगतो. पिकअप चालेल, पण तळाला रबरी मॅट आणि वर भुशाचा जाड थर पाहिजे, नुसत्या पत्र्यावर पाय घसरून मोडतो. पुणे, नाशिक, धुळे करत जायचं म्हणजे रस्ता मोठा. तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा. निघण्याआधी चंदी नको, वाळका चारा तेवढा द्या. परगावचं पाणी बरीच जनावरं तोंडाला लावत नाहीत. आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात थोडा गूळ घाला आणि वाटेतही तसंच द्या. पाणी तुटलं तर पोट दुखतंय. वळून पोटाकडं बघायला लागली, पाय खरडायला लागली, की पुढं जाऊ नका, डॉक्टर शोधा. नाल निघायच्या तोंडावर मारू नका, आठवडाभर आधी मारा.

अथणी_पागा: दाखवायला मात्र माणूस कराच. पोरीला यात्रेच्या गर्दीत झेपणार नाही. शेजारी घोडा खिंकाळला की बछेरी उधळते.

चिकोडी_अण्णा: होय, माणूस पाहिजेच. माझ्याकडं आहे एक, दिवसाचे पाच हजार घेतो.

बेळगाव_कॅम्प: माणूस कराच.

निपाणीकर: सगळ्यांचे मनापासून आभार. रक्त सोमवारी देतोय, दाखला इंग्रजीत सांगितलाय. मॅट आणि गुळाचं आजच मुलीला वाचून दाखवलं, तिनं वहीत उतरवून घेतलं. मोहरकी नायलॉनचीच राहू दे. माणूस मात्र करणार नाही. बछेरी तिचा आवाज ओळखते, परक्या माणसाच्या हातात ती मान ताठ करते हे रोज बघतोय. तोवर रोज संध्याकाळी बाजाराच्या रस्त्यानं, ट्रॅक्टर आणि बँडच्या आवाजात फिरवायची असं ठरवलंय. नंबर येवो न येवो, धरणार मुलगीच.

चिकोडी_अण्णा: मग माझी चामड्याची मोहरकी घेऊन जा. पोरीच्या हातात चांगली दिसेल. आल्यावर परत द्या.

संकेश्वर_रोड: गाडीत अजून एका घोडीला जागा होईल का? भाडं निम्मं देतो.