मदत हवी आहे: म्हाताऱ्या कुत्र्याच्या पापणीवरची चामखीळ

आमचा मोती ९ वर्षांचा, गावठीच, जिंतूरजवळ शेतात असतो. पापणीच्या कडेला मुगाएवढी चामखीळ होती ती दोन महिन्यात हरभऱ्याएवढी झाली अन् आता डोळ्याला घासायलीय, सारखं पाणी गळतंय, परवा पंजानं खाजवून रक्त पण काढलं. मानेवर अजून दोन आहेत पण त्या वाढल्या नाहीत. हळद-खोबरेल लावून बघितलं, फरक नाही. घोड्याचा केस बांधा, चुना लावा म्हणायलेत लोक, पण डोळ्याजवळ ते मी करणार नाही. खाणंपिणं व्यवस्थित आहे. इथले डॉक्टर म्हणले भूल देऊन काढावी लागंल. या वयात भूल झेपते का, आधी रक्ताच्या कोणत्या तपासण्या करून घ्याव्या, अन् परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात डोळ्याजवळचं असं ऑपरेशन कुणी करून घेतलंय का?