आई-बाबांना इंग्लंडमधलं एखादं खेडं दाखवायचंय, कुठलं दाखवू? (गाडी नाही, गर्दी नको)

अजिंक्य_सातारकर
मंडळी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा साताऱ्याहून येतायत. लंडन पटकन उरकायचंय, कारण बाबांचं एकच पालुपद चाललंय, 'तुमची ती शहरं राहू देत, गावं कशी असतात ते दाखव.' म्हणजे चर्च, पब, मेंढ्या, क्रिकेटचं मैदान, सगळं असलेलं गाव. तीन रात्री, दोन खोल्या (बायको बरोबर आहे), राहण्याचा सगळा खर्च ६०० पौंडांच्या आत. आम्ही वोकिंगला राहतो. गाडी नाही, मी चालवत नाही, भाड्यानेही घ्यायची नाही. आईचे गुडघे दुखतात आणि ती अंडंही खात नाही. बाबा मात्र चढायला एका पायावर तयार, जन्मभर गडकिल्ले पालथे घातलेत. सुचवा.

गुलबक्षी
कॉट्सवोल्ड्स भागातलं बायबरी. डोळे झाकून. आर्लिंग्टन रो नावाची घरांची ओळ आहे, मूळ १३८० च्या सुमाराचं मठाचं लोकरीचं कोठार, सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरं झाली. समोर कोल्न नदी, पाण्यात ट्राउट दिसतात. दगडाचा रंग असा मधासारखा की संध्याकाळी भिंती उजळून निघतात. आम्ही राहिलो ते हॉटेल रात्रीला ३०० च्या वर पडलं, पण पैसे वसूल.

थंड_चहा
रात्रीला ३००. धागाकर्त्याने तीन रात्रींचे ६०० सांगितलेत, दोन खोल्यांचे.
आणि जूनमध्ये बायबरी म्हणजे बसगाड्या भरभरून माणसं. त्या घरांत लोक राहतात हो, आणि पर्यटक खिडक्यांना नाक लावून आत बघतात. फोटोसाठी पुढचा हलण्याची वाट बघत उभं राहायचं. जायचंच तर सकाळी आठच्या आत, म्हणजे गाडी पाहिजे, म्हणजे प्रश्न मिटला.

गुलबक्षी
आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो, चिटपाखरू नव्हतं.

थंड_चहा
ते जूनमध्ये येतायत.

लीड्सची_मावशी
कॉट्सवोल्ड्स सोडून इंग्लंडच नाही जणू! यॉर्कशायर डेल्सला या. मालम गाव बघा, गावामागे चुनखडीचा कडा उभा, ८० मीटर उंच. त्याच्या पायथ्यापर्यंत वाट सपाट आहे, आईंना जमेल. बाबांना वर जायला चारशेच्या आसपास पायऱ्या, आणि माथ्यावर खडक असा चिरलेला की उडी मारत चालावं लागतं. शेतांचे बांध बघून तर कोकण आठवतं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, अगदी आपला गडगा. दोन्ही बाजूंनी रचत आणायचं, मध्ये बारीक दगड भरायचे आणि अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड घालायचा. आमच्या ह्यांनी तिथे शिकवणी लावून एक हात लांबीचा बांध घातलाय, अजून उभा आहे.
गाडी घ्या मात्र. भारतीय परवान्यावर वर्षभर चालवता येते.

अजिंक्य_सातारकर
मावशी, माझं ते वर्ष कधीच उलटून गेलं. गाडी नाही.

लीड्सची_मावशी
मग इथला परवाना काढ की बाळा. जूनला वेळ आहे.

निळा_बाण
गाडी नसणाऱ्यांसाठी सरळ सांगतो. पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्श, साधारण पावणेदोन तास. तिथून ८०१ नंबरची बस, स्टो-ऑन-द-वोल्ड करत बोर्टन-ऑन-द-वॉटरला जाते. रविवारचं वेळापत्रक आधी बघून ठेवा, गावाकडच्या बसचा रविवार भरवशाचा नसतो. बोर्टनमध्ये विंड्रश नदीवर बुटके दगडी पूल आहेत, आणि १९३७ साली केलेली गावाची दगडी प्रतिकृती आहे, मूळ गावाच्या एक नवमांश. लहान मुलांपेक्षा आजोबाच जास्त रमतात. दुपारी गर्दी होते, तेव्हा गाव सोडून लोअर स्लॉटरला चालत जायचं. दीडेक मैल, सपाट. तिथून पुढे अप्पर स्लॉटर. दोन्ही महायुद्धांत गेलेली सगळी माणसं जिवंत परत आली अशी जी मोजकी गावं आहेत, त्यातलं हे एक. बाकी कुठल्याही गावात जा, चर्चजवळ दगडावर नावांची यादी असते आणि तीच तीच आडनावं दोनदा-तीनदा येतात. बाबांना दाखवा.

पायवाटांबद्दल: लाकडी खांबावर पिवळा बाण म्हणजे चालणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीपण. वाट खुशाल कुणाच्या उभ्या गव्हातून जाते, मालक हाकलत नाही, तो कायद्याने हक्क आहे. गाईंबरोबर वासरं असली तर मात्र लांबून जा. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी नकाशा घ्या, १:२५०००, त्यात बांधन् बांध दिसतो. फोनला रेंज असेलच असं नाही. कुंपण ओलांडायला कुठे झुलतं फाटक असतं, कुठे पायऱ्या, आईंच्या गुडघ्यांना पायऱ्या त्रासदायक. तेवढं विचारून वाट निवडा.

सदाशिव_पेठेबाहेरचा
अवांतर आहे, पण राहवत नाही. मोरटनपर्यंत जाताच आहात तर जवळच डेल्सफर्ड आहे, ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचं गाव. घराण्याच्या हातून गेलेली जमीन त्याने हिंदुस्थानातून परतल्यावर पुन्हा विकत घेतली, वाडा बांधला आणि तिथल्याच चर्चपाशी त्याला पुरलं. वारला कधी, तर १८१८. इकडे पेशवाई बुडाली तेच साल! सालबाईचा तह याच्याच कारकिर्दीतला, १७८२. आणि तिथून जवळच सेझिनकोट, कंपनीतल्याच कॉकरेलचं घर. इंग्लंडच्या कुरणात तांब्याचा हिरवा घुमट आणि मुघली छज्जे. दोन्ही घरांचा वास्तुरचनाकार एकच, या कॉकरेलचा भाऊ. सेझिनकोटची बाग ठरावीक दिवशी उघडते, डेल्सफर्डचा वाडा खासगी आहे.

थंड_चहा
बंगालच्या पैशांवर बांधलेला वाडा बघायला आई-बाबांना नेऊ?

सदाशिव_पेठेबाहेरचा
बघायला काय हरकत आहे? पार्लमेंटने त्याच्यावर महाभियोग चालवलाच होता, १७८८ ते १७९५.

थंड_चहा
आणि सोडून दिलं.

गुलबक्षी
धाग्यावर या प्लीज.

माजघर
जेवणाचं कोणीच बोलत नाही, ते मी बोलते. गावात खायची जागा एक, ती म्हणजे पब. पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं, रात्री नऊच्या आत शेवटची ऑर्डर. आम्ही अडीच वाजून गेल्यावर पोचलो. समोर गरमागरम ताटं चाललेली, आणि आम्हाला मालकीणबाई गोड हसून म्हणाल्या, कुरकुरे आहेत. सासूबाईंनी पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली आणि आम्ही बटाट्याच्या कापांना लावून खाल्ली.

अंडं नाही म्हणताय तर हे लक्षात ठेवा: स्कोनला (चहाबरोबर देतात तो छोटा गोडसर पाव) वरून चकाकी यावी म्हणून बहुतेक ठिकाणी अंडं लावतात, कणकेतही असतं कधी. विचारा. चिप्स कुठल्या तेलात-चरबीत तळल्या तेही विचारा. चीजमध्ये प्राण्याचं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं द्रव्य, असू शकतं. भाजलेला अख्खा बटाटा आणि त्यावर बीन्स, हे त्यातल्या त्यात बिनधोक. सकाळच्या न्याहारीचं खोली ठरवतानाच सांगून ठेवा, आयत्या वेळी टोमॅटो आणि मशरूम यापलीकडे मिळत नाही. स्वयंपाकघर असलेलं घर घ्यावं तर उन्हाळ्यात बरेच जण पूर्ण आठवड्याखाली देत नाहीत.

लीड्सची_मावशी
दशम्या न्या. आणि चटणी. पब दुपारी बंद होतो.

माजघर
तेच लिहिलंय वर.

जिन्याखालचा
राहण्याच्या जागेबद्दल एक. फोटोत गवताचं छप्पर, गुलाबाचा वेल वगैरे बघून भाळू नका. जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे आणि वळणाचे असतात, तुळया कपाळाच्या उंचीला. आईंसाठी तळमजल्याची खोली मागा, आणि ती तळमजल्याची आहे हे लेखी घ्या. दुसरं, चर्चला लागून खोली घेऊ नका. आठवड्यातून एक संध्याकाळ घंटांचा सराव असतो. देवळासारखी एकच घंटा नाही, सहा-आठ घंटा, प्रत्येकीला एक माणूस दोर धरून, आणि आकड्यांचा क्रम बदलत बदलत तास-दीड तास. आम्ही दमून आडवे झालो आणि वर हे सुरू. मी तक्रार केली तर मालक म्हणाला, तुम्ही नशीबवान, आज आठही जण आले.

निळा_बाण
नशीबवानच आहात. वर चढून बघायचं की. विचारलं तर बहुतेक ठिकाणी बघू देतात.

जिन्याखालचा
कपाळाला तुळई लागली होती, चढण्याच्या परिस्थितीत नव्हतो.

मिडलँड्सचा_पावटा
डर्बीशायरमधलं आयम. सुंदर तर आहेच, पण गोष्ट ऐका. १६६५ साली लंडनहून एका शिंप्याकडे कापड आलं, त्यातून प्लेगच्या पिसवा. पाद्री मॉम्पेसनच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतलं, आजूबाजूच्या गावांत रोग जाऊ नये म्हणून. सीमेवरच्या दगडात खळगे आहेत, त्यात व्हिनेगर ओतून पैसे ठेवायचे आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे. २६० माणसं गेली. घराघरांवर पाट्या आहेत, कोण कोण दगावलं त्याच्या. १८९७ चा पुण्याचा प्लेग शाळेत शिकलेल्या माणसाने हे गाव बघावंच.

गुलबक्षी
तीन दिवसांच्या सुट्टीत म्हाताऱ्या माणसांना प्लेग?

मिडलँड्सचा_पावटा
माझे बाबा दोन तास पाट्या वाचत होते. जेवायला बोलवून आणावं लागलं.

फुलपाखरी
रुमाल टाकून ठेवते. आम्हालाही जायचंय. कॅसल कूम कोणी सांगितलं नाही का? आणि बायबरी कसं आहे?

थंड_चहा
वर बघा.

निळा_बाण
एक सांगायचं राहिलं. गावाच्या सूचनाफलकापाशी थांबा. पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायत, १८९४ च्या कायद्याने आलेली. सभेचं इतिवृत्त लावलेलं असतं: कुत्र्यांची घाण, खड्डे, कुंपणाची उंची, बसथांब्याचं गळकं छप्पर. लाल टेलिफोनची खोकी कंपनीकडून एका पौंडाला घेऊन गावांनी त्यात पुस्तकं नाहीतर हृदय बंद पडल्यावर झटका द्यायचं यंत्र ठेवलंय.

अजिंक्य_सातारकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. ठरलं: कॉर्फ कॅसल, डॉर्सेट.
कारणं: वोकिंगहून वेअरहॅमला थेट ट्रेन, साधारण दोन तास. तिथून ४० नंबरची बस गावात सोडते, तीच पुढे स्वॉनेजला समुद्रावर जाते. गाव राखाडी दगडाचं, मध किंवा गूळ काही नाही, पण डोक्यावर पडका किल्ला आहे. राजा आणि पार्लमेंटच्या लढाईत लेडी बँक्सने लढवला, शेवटी फितुरीने पडला, आणि १६४६ ला पार्लमेंटने सुरुंग लावून उडवला. बुरूज अजून कलंडलेले उभे आहेत. किल्ल्याचेच दगड नेऊन लोकांनी घरं बांधली. एवढं ऐकल्यावर बाबा दुसरं काही ऐकेनात. फितुरी म्हटल्यावर तर फोन हातातूनच घेतला. आई खाली चहा पीत बसेल आणि तिथून वाफेच्या इंजिनाची गाडी बघेल.
दोन खोल्या मिळून रात्रीला १९५, एक तळमजल्याची, लेखी घेतलंय. न्याहारीला उपमा चालेल का असं मालकीणबाईंनीच विचारलं, कुठून शिकल्या देव जाणे.

गुलबक्षी
कॉर्फ कॅसल कोणी सुचवलं होतं?

अजिंक्य_सातारकर
कोणी नाही.

थंड_चहा
गर्दी नको म्हणाला होतात. उन्हाळ्यात वाफेची गाडी बघायला अख्खा डॉर्सेट लोटतो तिथे. आणि मुख्य रस्ता गावाच्या मधोमध, अरुंद फूटपाथ. आईंना सांभाळून.

जिन्याखालचा
१९५ मध्ये दोन खोल्या? बाथरूम कुठे आहे ते विचारलंत?

अजिंक्य_सातारकर
एका खोलीचं बाहेर आहे. ती आमची.

लीड्सची_मावशी
बाबांसाठी सीनियर रेलकार्ड काढ, ज्येष्ठांना ट्रेनच्या तिकिटात सूट मिळते, आईसाठी पण. तुम्ही दोघांनी टू टुगेदर काढा, ते दोघांत मिळून एक कार्ड.

माजघर
मावशी, एका खेपेला तीन कार्डं कशाला? चौघं बरोबर जातायत. तीन ते नऊ जण एकत्र असले आणि गर्दीची वेळ टाळली की ग्रुपसेव्हने एक तृतीयांश सूट मिळते, कार्डबिर्ड काही लागत नाही. वेअरहॅमच्या लाइनवर चालतं. तिकीट काढताना चौघांचं एकत्र काढा.

सदाशिव_पेठेबाहेरचा
१६४६! तोरणा महाराजांनी घेतला त्याच सुमाराचं. बाबांना नक्की सांगा.

मिडलँड्सचा_पावटा
तोरणा १६४७ ना?

सदाशिव_पेठेबाहेरचा
म्हणूनच 'सुमाराचं' म्हणालो. साधनं वेगवेगळी सालं देतात.

मिडलँड्सचा_पावटा
आम्ही तर १६४६ पाठ केलं, मग मला ४७ कुठून आठवतंय?

गुलबक्षी
तोरण्याचं साल ठरवायचं असेल तर वेगळा धागा काढा.

सदाशिव_पेठेबाहेरचा
काढलाय.