तात्पुरतं घर देणं म्हणजे क्रूरता नव्हे

'कुत्र्या-मांजरांच्या अनाथ पिल्लांना काही दिवस घरी आणून परत द्यायचं म्हणजे लळा लावून तोडणं, त्यापेक्षा शेल्टरला (प्राण्यांच्या निवाऱ्याला) पैसे द्यावेत' हे मत मला पटत नाही. पैसे जरूर द्यावेत, पण आईविना सापडलेल्या पिल्लांना पैशांपेक्षा माणसाचे हात लागतात. कुत्र्याच्या पिल्लांची लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर सुरू होते आणि पुढचे डोस साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर पार्व्होची, म्हणजे जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या विषाणूची, भीती असते. हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाईलने मरत नाही. गजबजलेल्या शेल्टरमध्ये अशी पिल्लं पटापट दगावतात.

आमच्याकडे मांजराची पिल्लं येतात. डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावं लागतं. गाईच्या दुधाने हगवण लागते, म्हणून मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर आणायची. पाजताना पिल्लू पालथंच ठेवायचं, उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसाने खालून हलकेच पुसल्याशिवाय त्याला शू-शी होत नाही. शेल्टरमधला रात्रपाळीचा एकटा माणूस हे किती पिल्लांचं करणार?

आणि लळ्याचं म्हणाल, तर दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांच्या अंगाखांद्यावर खेळलेलं मांजर पुढे कुणाच्याही घरात लवकर रुळतं. घरात आधीचं मांजर असेल तर त्याचं लसीकरण पूर्ण करून घ्या आणि नव्या पिल्लांना सुरुवातीला वेगळ्या खोलीत ठेवा. दूध-औषधाचा खर्च बऱ्याच संस्था स्वतःच करतात, आधी विचारून घ्या.