देवांचा पट: माणसाच्या पाळीत देवाने किती हात घालावा?

सोंगटी, डिचोली
मंडळी, चवथीला आमचं घर भरलेलं असतं. आरती-जेवणं आटोपली की पोरं खेळ मागतात, म्हणून यंदा मी स्वतःच पट करतेय. पटावर एक गाव: डोंगर, खाजन (खाडीकाठची खारी शेतजमीन), तळी, देवळं, सीम (गावाची वेस). चार खेळाडू म्हणजे चार देव. माणसं सामाईक: रेंदेर (माडाची सूर काढणारा), शेतकरीण, लग्नाची मुलगी, बोटीवर नोकरीला निघालेला मुलगा. गावात ज्या देवाचा शब्द चालेल तो जिंकला.

पण देव हवं ते करतात. एकाने मुलाला बोटीवर चढवलं की दुसरा लगेच उतरवतो. त्या मुलाचं पुढे काय झालं, कोणी विचारतच नाही. मला ती काळजी खेळात हवी आहे. काय नियम करू?

कवडी
प्रत्येक देवाला फेरीमागे ठरावीक मणी द्या. मणी संपले की हात आवरता.

राखणदार, पेडणे
ताई, मण्यांनी नाही भागणार. मणी असेतो मनमानी, संपले की गप्प, एवढंच होईल. आपले देव बोलावल्याशिवाय येतात का? आधी गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे घातलेलं साकडं, मग देव. प्रत्येक खेळाडूला एक देव द्या आणि दुसऱ्या देवाच्या हद्दीतलं एक घर द्या. घरवाल्याने गाऱ्हाणं घातलं तरच त्या देवाची पाळी. स्वतःच्या घरासाठी दुसऱ्याच्या देवापुढे हात जोडावे लागले की काळजी आपोआप येते.

आणि गाऱ्हाण्याबरोबर कौल ठेवा. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. खेळात देवाने उजवी किंवा डावी पाकळी झाकून ठेवायची, घरवाल्याने उघडायची. उघडल्यावर देवालाही शब्द फिरवता येणार नाही. होकार मिळाला तर नवस फेडायचा, नाहीतर त्या घराचं पुढचं गाऱ्हाणं ऐकलं जाणार नाही.

चालीचं म्हणाल तर आरवलीच्या वेतोबाकडे बघा. भाविक त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात असं मानतात. तेव्हा देवाच्या सोंगटीखाली वहाणांच्या चकत्या लावा. सीमेपर्यंत एक फेरी झाली की एक चकती काढायची. सगळ्या संपल्या की देव देवळात बसून राहील. नवीन वहाणा माणसांनीच द्यायच्या. मला हा नियम मनापासून आवडतो, कारण यात देवालाही माणसांची गरज पडते.

माडाखाली
देव जो वर (वरदान) देईल त्याचा एक पत्ता करा, आणि तो एकदाच चालेल असं ठेवा. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने कर्णाला शक्ती दिली ती एकदाच वापरण्याच्या अटीवर. त्याने ती अर्जुनासाठी राखली आणि घटोत्कचावर खर्च झाली. पटावरही दुसऱ्याचा वर चुकीच्या जागी खर्च करायला लावणं हाच विरोधी देवाचा डाव. यात माणसाला कोणी हातही लावत नाही.

सोंगटी, डिचोली
राखणदारदादा, घर दुसऱ्याच्या हद्दीत ठेवायचं हे नक्की घेते. वहाणांच्या चकत्या आज पुठ्ठ्याच्या कापल्या, देवामागे तीन. देवचार (गावाची राखण करणारी अदृश्य शक्ती) मात्र कुठल्याच खेळाडूला द्यायचा नाही असं वाटतंय. तो सीमेवर स्वतःच फिरेल आणि ज्या घराने त्याच्यासाठी रोट (जाड भाकरी) ठेवला नाही तिथे थांबेल. चालेल का?

राखणदार, पेडणे
चालेल. पण रोटाबरोबर विडीही ठेवायला सांगा.