हंटर कमिशनपुढे फुल्यांनी नेमकं मागितलं काय होतं?

भटका_वाचक: शाळेच्या पुस्तकात महात्मा फुले म्हणजे १८४८ ची भिडे वाड्यातली मुलींची शाळा, मग सत्यशोधक समाज, झालं. १८८२ मध्ये हंटर कमिशनला, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाला, त्यांनी दिलेलं निवेदन मात्र एका ओळीत उरकतात. कोणी वाचलंय का ते? काय आहे त्यात?

जुनी_पाटी: वाचलंय, आणि जरूर वाच, फार मोठं नाहीये. मूळ मुद्दा पैशाचा आहे, की शेतसारा भरतो कुणबी-माळी आणि त्यातून वरच्यांची पोरं कॉलेजात शिकतात, खेड्यातल्या शाळेला काही उरत नाही. म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी. पण मला खरी मजा मास्तरांच्या भागात वाटते. म्हणतात मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातला घ्या, वेळ पडली तर नांगर धरायला लाजणार नाही असा, ट्रेनिंग झालेला, आणि पगार १२ रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात १५-२० द्या. अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशोब तर आहेच, वर शेतीची माहिती आणि आरोग्यही. हे सगळं स्वतः शाळा चालवलेला माणूस लिहितोय हे लगेच कळतं, नुसतं "शिक्षण द्या हो" नाही.

कट्टेकरी_७: पण मागणी इंग्रजांकडेच ना शेवटी? म्हणूनच लोक त्यांना सरकारधार्जिणे म्हणतात.

जुनी_पाटी: अरे मग मागायचं कोणाकडे, तिजोरी कोणाच्या हातात होती? आणि धार्जिणे म्हणशील तर पुणे नगरपालिकेत सरकारनेच नेमलेले सदस्य असताना व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताच्या खर्चाला एकट्याने विरोध केला, म्हणे तो पैसा शिक्षणावर घाला. १८८८ ला ड्यूक ऑफ कॅनॉटसमोर (राणी व्हिक्टोरियाचा मुलगा) शेतकऱ्याच्या वेषात जाऊन उभे राहिले, बाकी मंडळी दागिन्यांनी मढलेली, आणि हे म्हणाले, खरी प्रजा ही मंडळी नव्हेत, ती कशी असते ते माझ्याकडे पाहून बघा.

भटका_वाचक: भारी. मग सक्तीच्या मागणीचं पुढे झालं काय?

शाईची_दौत: काही नाही. कमिशनने प्राथमिक शाळा लोकल बोर्ड आणि नगरपालिकांच्या गळ्यात घातल्या, सक्ती नाहीच. गोखल्यांनी १९११ मध्ये बिल आणलं तेही पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं केलं, पण तोवर फुल्यांना जाऊन २७ वर्षं झाली होती.