मदत हवी आहे: कॅन्युलात लाल दिसताच विद्यार्थिनीला घेरी येते

स्किललॅब_फोंडा: नमस्कार. बीएस्सी नर्सिंगची पहिल्या वर्षाची मुलगी आहे. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) नाडी, रक्तदाब, ड्रेसिंग नीट करते. पण आयव्ही आर्मवर, म्हणजे सुई टोचण्याच्या सरावाच्या कृत्रिम हातावर, कॅन्युलाच्या (शिरेत घालायच्या सुई-नळीच्या) चेंबरमध्ये लाल पाणी चढलं की ओठ पांढरे, जांभया, घाम. रक्त खोटं आहे हे तिला ठाऊक आहे. दीर्घ श्वास घ्यायला लावून काही फरक नाही. प्रात्यक्षिक परीक्षेआधी काय करता येईल?

मनोपरिचर्या: ताई, इथे श्वासाचा उपाय लागू पडत नाही. बहुतेक भीतींत रक्तदाब चढलेला राहतो; रक्त-सुईच्या भीतीत तो आधी चढतो आणि मग एकदम कोसळतो, ठोकेही मंदावतात. अशा वेळी अंग सैल सोडलं तर घेरी लवकर येते. तिला अंग ताणायला शिकवा. स्वीडनच्या लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत बसवली. खुर्चीत बसून दंड, पोट, मांड्या १०-१५ सेकंद आवळायच्या, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग २०-३० सेकंद नेहमीसारखं बसायचं, पूर्ण ढिलं नाही. असं पाच वेळा, रोज. श्वास रोखू देऊ नका, त्याने हृदयाकडे परतणारं रक्त उलट घटतं. कॅन्युला घालताना हात मोकळे हवेत, तेव्हा फक्त मांड्या आणि नितंब.

सोबत पायऱ्या: टोपण लावलेली निळी २२ गेज (जाडीचा आकडा) कॅन्युला हातात, मग इंजेक्शन पॅड, मग आर्ममध्ये साधं पाणी, फिकट गुलाबी, शेवटी लाल. भीती उतरल्याशिवाय पुढची पायरी नको. भीती टोकाला असताना मुलीला बाहेर पाठवलं तर पळाल्यानेच सुटका होते, हे मनात पक्कं बसतं. तरी डोळ्यांपुढे अंधारी आलीच तर सुई आधी ट्रेमध्ये, मग आडवं करून पाय वर.

डिचोलीकर: न्याहारी विचारा. सत्तरी-पेडण्याहून पहाटेच्या कदंब बसने येणाऱ्या मुली उपाशीच लॅबमध्ये उभ्या राहतात. मिठाची पेज आणि पाणी पोटात हवं. सुरुवात स्टुलावर बसून. ताटकळत उभं राहिलं की रक्त पायांत साचतं.

स्किललॅब_फोंडा: दुसऱ्या एकीचे हात फक्त परीक्षकासमोर थरथरतात. तिलाही हेच?

मनोपरिचर्या: नाही, ती परीक्षेची धास्ती. तिथे सावकाश लांब उच्छ्वास चालतो. सरावाच्या दिवशी गुण नाहीत, हे प्री-ब्रीफिंगमध्येच (सरावाआधीच्या सूचनांत) स्पष्ट सांगा आणि पाळा. पहिलीला मात्र सुई-रक्त नसतानाही चक्कर येत असेल तर आधी फिजिशियनकडे न्या. भीतीपोटी स्वतःची लस, रक्ततपासणी टाळत असेल तर बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार संस्थेची ओपीडी आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.